दहा तास विसरलेलं भांडं: 'डल्से' चॉकलेटचं प्रकरण

फ्रान्सच्या आग्नेय भागात ऱ्होन नदीच्या काठी तँ-लेर्मिताज नावाचं लहानसं गाव आहे. पाठीशी द्राक्षमळ्यांची टेकडी, समोर नदी, आणि नदीवर पायी ओलांडायचा झुलता पूल. पूल उतरलं की पलीकडे तूर्नों. 1922 साली तूर्नोंच्या आल्बेरिक गिरोने या पेस्ट्री बनवणाऱ्या माणसानं चॉकलेटचा कारखाना काढला. पुढे कारखाना नदी ओलांडून तँमध्ये आला आणि ऱ्होनच्या खोऱ्यावरून 'वालरोना' हे नाव पडलं. आज जगभरातल्या मोठ्या हॉटेलांच्या पेस्ट्री विभागात हे नाव ठाऊक असतं. घरगुती ग्राहकांसाठी त्यांच्या वड्या मिळतात, पण वालरोना या चॉकलेटच्या घराची खरी ओळख आचाऱ्यांमध्ये.

या घरच्या एका शेफच्या हातून एकदा पांढऱ्या चॉकलेटचं भांडं डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यावर, राहून गेलं. ते ठेवणारे फ्रेदेरिक बो हे तेव्हा तिथले मुख्य शेफ. आठवण झाली तोवर सुमारे दहा तास उलटले होते. हस्तिदंती रंगाचं चॉकलेट गव्हाळ झालं होतं आणि त्याला भाजलेल्या बिस्किटाचा, आटवलेल्या दुधाचा वास येत होता. बो यांनी ते चाखलं. त्यानंतर साधारण आठ वर्षांनी, 2012 साली, तीच चव 'डल्से' या नावानं बाजारात आली. कंपनीनं त्या रंगाला 'ब्लॉन्ड', म्हणजे सोनेरी केसांचा रंग, असं नाव दिलं आणि काळं, दुधाळ, पांढरं यांच्यानंतरचं हे चौथं चॉकलेट असल्याचं जाहीर केलं.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी चार ओळींत उरकतात. शेफ विसरला, चाखलं, आवडलं, नवं चॉकलेट जन्माला आलं. मी बेकिंगचे वर्ग घेते आणि वर्गात ही गोष्ट सांगतेही, पण त्या चार ओळींनी माझं समाधान कधीच झालेलं नाही. पांढरं चॉकलेट जास्त तापणं ही काही दुर्मीळ घटना नव्हे. ते जगातल्या प्रत्येक पेस्ट्रीच्या स्वयंपाकघरात घडतं, महिन्यातून एकदा तरी. मग एवढ्या वर्षांत एवढ्या लोकांनी ते कचऱ्याच्या डब्यात टाकलं, आणि एकाच ठिकाणी त्याचं काहीतरी झालं, ते का? आणि चव पहिल्याच दिवशी सापडली होती, तर मधली आठ वर्षं कुठे गेली? या प्रकरणाकडे मी या दोन प्रश्नांसाठी पाहते.

आधी भांड्यात काय झालं ते

पांढऱ्या चॉकलेटमध्ये कोकोचा काळा भाग नसतोच. कोकोच्या बियांमधून निघणारी चरबी म्हणजे कोको बटर, साखर, दुधाची पावडर, मिश्रण एकजीव ठेवणारं थोडं लेसिथिन आणि व्हॅनिला, एवढाच ऐवज. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे त्यात निदान 20 टक्के कोको बटर आणि निदान 14 टक्के दुधाचे घन पदार्थ लागतात, आणि त्या 14 मध्ये साडेतीन टक्के दुधाची चरबी. म्हणजे पांढरं चॉकलेट हे खरं तर चरबीत लपेटलेलं दूध आणि साखर.

आता हे मिश्रण मंद आचेवर तासन् तास ठेवलं तर काय होईल? यासाठी फ्रान्सला जायची गरज नाही. आपल्याकडे लोणी कढवताना जे होतं तेच. सायीचं लोणी पातेल्यात घातलं की आधी मोठमोठे बुडबुडे येतात, तडतड चालू असते, कारण पाणी उडत असतं. मग आवाज अचानक खाली येतो. वर बारीक, रेशमी फेस धरतो, तळाशी दुधाचे कण बसलेले दिसतात, आणि ते आधी पांढरे, मग गुलाबीसर, मग बदामी होत जातात. या क्षणी स्वयंपाकघरात जो वास सुटतो तो शब्दांत पकडणं कठीण आहे. आई म्हणायची, आवाज थांबला की डोळ्यांपेक्षा नाकाकडे लक्ष दे. गॅस बंद करून विड्याचं पान टाकायचं, तूप गाळायचं, आणि गाळणीत उरलेली बेरी साखर घालून भावंडांत वाटायची. वाटणीवरून भांडणं ठरलेली.

ती बेरी म्हणजे चरबीत भाजले गेलेले दुधाचे घन पदार्थ. डल्से म्हणजेही तेच; चरबी तेवढी कोकोची. मी पहिल्यांदा डल्से चाखलं ते मुंबईत शेफ मंडळींसाठी भरलेल्या एका प्रदर्शनात. काउंटरवर लांबट चकत्या ठेवलेल्या होत्या. चकती जिभेवर ठेवली तेव्हा आधी लोण्यासारखी गुळगुळीत विरघळली, मग बिस्किटाचा खमंगपणा आला, आणि शेवटी किंचित खारट. माझ्या मनात पहिला शब्द 'कॅरॅमल' हा आला नाही. बेरी हा आला. दुसरा शब्द कंदी पेढा. साताऱ्याच्या कंदी पेढ्यासाठी खवा खमंग होईपर्यंत भाजतात, आणि त्या भाजण्यातून येणारी चव या चकतीच्या फार जवळची आहे.

रसायनशास्त्रात याला मेयार अभिक्रिया म्हणतात. प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि काही विशिष्ट साखरा उष्णतेनं एकमेकांशी जोडल्या जातात आणि त्यातून रंग आणि शेकडो सुगंधी द्रव्यं तयार होतात. दुधातली साखर, लॅक्टोज, ही त्या विशिष्ट साखरांपैकी आहे. आपण चहात घालतो ती साखर त्यात थेट भाग घेत नाही, आणि तिचं स्वतःचं कॅरॅमल व्हायला साधारण 160 अंशांच्या पुढचं तापमान लागतं. डबल बॉयलरमध्ये खाली पाणी असतं, त्यामुळे भांडं 100 अंशांच्या वर जातच नाही. म्हणून बो यांच्या भांड्यात 'कॅरॅमल' झालंच नव्हतं. दूध भाजलं गेलं होतं, तेही अतिशय सावकाश. ओव्हनमध्ये जे तासाभरात होतं त्याला तिथे दहा तास लागले, आणि म्हणूनच ते करपलं नाही. 'कॅरॅमलाइज्ड व्हाइट चॉकलेट' हे नाव आता रूढ झालं आहे, मीही वर्गात तेच वापरते, पण आत काय घडतं ते यावरून कळत नाही.

ही अभिक्रिया ज्यांच्या नावानं ओळखली जाते त्या लुई-कामीय मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं तिचं वर्णन 1912 साली प्रसिद्ध केलं. डल्से 2012 साली आलं. बरोबर शंभर वर्षं. योगायोगच, पण मला तो आवडतो.

कारखान्याच्या लेखी हा दोष होता

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की चॉकलेटच्या धंद्याला ही अभिक्रिया अजिबात नवी नव्हती. उलट ती इतकी चांगली ठाऊक होती की ती होऊ नये म्हणून यंत्रांची तापमानं ठरलेली होती.

चॉकलेट तयार होताना काँचिंग नावाचा टप्पा असतो. गरम चॉकलेट तासन् तास घुसळत ठेवतात, त्यातले नकोसे आंबट वास उडून जातात आणि पोत मऊ होतो. काळं चॉकलेट काँच करताना 70 ते 80 अंशांपर्यंत जायला हरकत नसते. दुधाचं आणि पांढरं चॉकलेट मात्र साधारण 60 च्या आत ठेवतात, कारण त्यापुढे दूध रंग धरू लागतं, भाजल्याचा वास येतो आणि मिश्रण घट्ट होतं. स्वयंपाकघरातही तीच शिस्त. पांढरं चॉकलेट 40 ते 45 अंशांवर वितळवा, त्याहून वर नेऊ नका, हे आम्ही पहिल्या दिवशी शिकवतो. पांढऱ्या चॉकलेटचं सगळं मोठेपण त्याच्या पांढरेपणात मानलं गेलं होतं. पिवळसर झालं म्हणजे बिघडलं.

म्हणून त्या दिवशी भांड्यावरचं झाकण काढणाऱ्या माणसासमोर जे होतं ते त्याच्या सगळ्या शिक्षणाप्रमाणे खराब झालेलं होतं. ते चाखावंसं वाटणं यात हिंमत वगैरे काही नाही, पण सवय आहे. फ्रेदेरिक बो हे विक्री विभागातले किंवा प्रयोगशाळेतले नव्हते. 1989 साली वालरोनानं तँमध्येच आपली शाळा काढली, तिची स्थापना त्यांनी केली. कारखान्याच्या आवारात आचाऱ्यांसाठी शाळा. तिथे जगभरातून तयार शेफ यायचे, चॉकलेटवर काम करायचे, आणि शिकवणारेही शेफच. अशा जागी रोज चाखणं हेच काम असतं. बिघडलेलंसुद्धा चाखतात, कारण विद्यार्थ्याला काय बिघडलं ते सांगायचं असतं. मी स्वतः वर्गात फाटलेलं गनाश, म्हणजे चॉकलेट आणि सायीचं मिश्रण, चाखते, पांढुरकं पडलेलं चॉकलेट चाखते, कच्चा राहिलेला केक चाखते. उत्पादनाच्या ओळीवर उभ्या असलेल्या माणसाला ती मुभा नसते. त्याच्यासमोर रंगाचा नमुना असतो. नमुन्याशी जुळलं नाही की माल बाजूला.

मला वाटतं पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. तेच भांडं कारखान्याच्या ओळीवर विसरलं असतं तर ती नोंदवहीतली एक नुकसानीची नोंद झाली असती. ते शाळेच्या स्वयंपाकघराच्या संस्कृतीत वाढलेल्या माणसाच्या हातून विसरलं, म्हणून त्याची चव नोंदली गेली.

घराची पूर्वपीठिकाही अनुकूल होती. 1986 साली वालरोनानं 'ग्वानाजा' हे 70 टक्के कोकोचं चॉकलेट काढलं. आज 70 टक्क्यांची वडी आपल्या सुपरमार्केटातही दिसते, पण त्या काळी एवढं कडू चॉकलेट खपेल असं फार थोड्यांना वाटत असावं. त्याचं नाव होंडुरासजवळच्या ग्वानाहा बेटावरून आलं. 1502 मध्ये कोलंबसच्या चौथ्या सफरीत त्याच बेटाजवळ युरोपीयांना व्यापारी होडीत कोकोच्या बिया दिसल्या होत्या. ते चॉकलेट उभं राहिलं ते आचाऱ्यांच्या हातून. आचाऱ्याला कडू चॉकलेट हवं असतं, कारण साखर, साय, लोणी तो स्वतः घालणार असतो. म्हणजे सर्वसाधारण ग्राहकाला विचित्र वाटणारी चव आधी स्वयंपाकघरात रुजवायची आणि मग तिला बाहेर आणायचं, ही वाट या घराला माहीत होती. डल्सेच्या वेळी तीच वाट उपयोगी पडली.

आठ वर्षं कशाला लागतात

आता दुसरा प्रश्न. हा मी समजावून सांगत नाही, करून दाखवते.

वर्गात आम्ही ट्रेमध्ये पांढरं चॉकलेट पसरतो आणि ओटीजी 120 अंशांवर लावतो. दर दहा मिनिटांनी ट्रे बाहेर काढायचा, सिलिकॉनच्या उलथन्यानं सगळं गोळा करायचं, दाबून घोळवायचं, पुन्हा पसरायचं. पहिल्या दहा मिनिटांत काहीच घडत नाही, नुसतं वितळतं. विसाव्या मिनिटाला कडा किंचित पिवळ्या. तिसाव्या मिनिटाच्या आसपास चॉकलेट एकदम कोरडं, खडूसारखं दिसू लागतं, गोळे धरतं, उलथन्याला चिकटेनासं होतं. गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीनं इथेच हात थांबवला. "ताई, हे गेलं ना? टाकून देऊ?" मी म्हटलं, "टाकू नकोस. गोळे ट्रेवर दाबत राहा, आणि पुढच्या दहा मिनिटांनी बघ." ती नाखुशीनंच दाबत राहिली. चाळिसाव्या मिनिटाला गोळे सैल पडले, पन्नासाव्या मिनिटाला ट्रेवर पीनट बटरच्या रंगाचा, दाट, चकचकीत थर होता, आणि वास वर्गाबाहेर जिन्यापर्यंत पोचला होता.

हा कोरडा टप्पा फसवा असतो. चॉकलेट घट्ट होतं, कारण दुधातली प्रथिनं उष्णतेनं बदलतात, एकमेकांना चिकटतात आणि चरबी धरून ठेवतात. घोळवत राहिलं की गोळे फुटतात आणि कोको बटर पुन्हा मोकळं होतं. त्यासाठी आत पुरेसं कोको बटर असावं लागतं. चांगलं कूव्हर्चर, म्हणजे भरपूर कोको बटर असलेलं शेफ मंडळींचं चॉकलेट, घेतलं तर हमखास जमतं. बाजारात केकवाले वापरतात त्या व्हाइट कंपाऊंडमध्ये कोको बटरच्या जागी वनस्पती चरबी असते. त्याला रंग येतो, पण आमच्या हातून ते कधी नीट गुळगुळीत झालं नाही, आणि तोंडात मेणासारखं राहतं.

समजा जमलं. वाटीभर तयार झालं. ते आइस्क्रीमवर ओतायला, केकच्या क्रीममध्ये घालायला उत्तम. पण त्याच विद्यार्थिनीनं पुढच्या आठवड्यात त्यात ट्रफल, म्हणजे चॉकलेटचे मऊ गोळे, बुडवायला घेतले आणि अडली. थर जाड बसत होता, टोकाला थेंब लोंबत होता, आणि चावल्यावर जिभेला बारीक रवाळपणा लागत होता.

आठ वर्षं कशात गेली असतील याचा अंदाज मला या वाटीतून येतो. कंपनीनं आपली पद्धत गुप्त ठेवली आहे, पण आव्हान काय होतं ते हे काम करणाऱ्या कुणालाही दिसतं. शेफला विकायचं कूव्हर्चर आधी पातळ वाहिलं पाहिजे. साच्यात ओतून उलटं केलं की कवच पातळ आणि सारखं उरलं पाहिजे. ते टेंपर झालं पाहिजे, म्हणजे वितळवून, थंड करून, पुन्हा 28-29 अंशांवर आणल्यावर कोको बटरचे स्फटिक नीट बसले पाहिजेत, तरच वडी चकाकेल आणि मोडताना आवाज येईल. त्यातला घन कण 25-30 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मोठा राहिला तर जीभ तो लगेच ओळखते. आणि भाजल्यावर प्रथिनं गोळा होतात, म्हणजे कण मोठा होतो आणि प्रवाह मंदावतो. चव जितकी खमंग करावी तितकं चॉकलेट कामाला अवघड होतं. या दोन्हींचा मेळ घालायचा.

त्यावर आणखी एक अडचण आहे, ती आपल्या तूप कढवणाऱ्या सगळ्या बायकांना माहीत आहे. बेरी हव्या त्या रंगाची झाल्यावर गॅस बंद केला तर उशीर झालेला असतो. पातेलं गरम असतं, तूप गरम असतं, रंग पुढे जातच राहतो. म्हणून एक छटा आधीच बंद करायचं. पातेलंभर तुपात हा अंदाज हातानं येतो. टनावारी चॉकलेटमध्ये आतली उष्णता निघायला किती वेळ लागेल आणि तोवर चव कुठवर जाईल, याचा हिशेब लावावा लागतो. आज निघालेला घाणा आणि सहा महिन्यांनी निघालेला घाणा एकाच चवीचा असावा लागतो, कारण टोकियोतला शेफ त्याच्या पाककृतीतली साखर त्या चवीवर बेतणार असतो. दुधाची पावडर ऋतूप्रमाणे बदलते. गाई काय खातात त्यावर दूध बदलतं. हे सगळं बांधून आणायला आठ वर्षं लागली हे ऐकून मला आश्चर्य वाटत नाही. त्यांनी मध्येच नाद सोडला नाही याचं वाटतं.

चव सापडणं आणि ती पुन्हा पुन्हा हुबेहूब करता येणं यात केवढं अंतर आहे, हे या प्रकरणाइतकं स्वच्छ मला दुसरीकडे क्वचित दिसलं आहे.

'चौथं चॉकलेट' हा दावा

इथे मात्र मी कंपनीच्या बाजूनं पूर्ण नाही. चौथं म्हणजे नक्की कशाच्या हिशेबानं? युरोपीय नियमांत ब्लॉन्ड असा वेगळा प्रकार नाही. आत जे घटक आहेत ते पांढऱ्या चॉकलेटचेच. भाजलेल्या दुधाची चवही चॉकलेटच्या जगात आधीपासून होती. ब्रिटिश मिल्क चॉकलेटमध्ये 'मिल्क क्रम्ब' ही जुनी पद्धत आहे: दूध आणि साखर आटवून, कोको घालून, सुकवून त्याचा भुगा करतात. त्या आटवण्यातून येणारी किंचित खव्यासारखी चव हीच इंग्लंडच्या अनेकांना लहानपणापासूनची चॉकलेटची चव वाटते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये कॅडबरीनं 'कॅरामिल्क' ही सोनेरी वडी 1990 च्या दशकात विकली होती, पुढे ती बंद झाली, आणि 2017-18 मध्ये परत आली तेव्हा दुकानांत पुरेना. म्हणजे सर्वसाधारण ग्राहकापर्यंत सोनेरी चॉकलेट डल्सेच्या आधी एकदा पोचलं होतं.

'चौथं' हे बिरुद पुढे इतरांनीही लावलं. सप्टेंबर 2017 मध्ये बॅरी कॅलेबॉ या प्रचंड कंपनीनं शांघायमध्ये गुलाबी 'रूबी' चॉकलेट आणलं, ते चौथं म्हणून. त्याच वर्षाच्या अखेरीस हर्शीनं अमेरिकेत 'गोल्ड' वडी आणली, तीही त्यांच्या मोजणीत चौथी. तिघांचं चौथं वेगवेगळं. मला यात चढाओढीपेक्षा एक व्यावहारिक गोष्ट दिसते. स्वयंपाकघरातलं तंत्र कुणाच्या मालकीचं राहत नाही. ट्रे, ओव्हन आणि उलथनं एवढ्या साधनांत जे होतं ते अडवून कसं ठेवणार? नाव राखता येतं, चवीची कल्पना राखता येत नाही. आज कुठलाही होतकरू शेफ पांढरं चॉकलेट ओव्हनमध्ये भाजतो आणि आपली छटा आपण ठरवतो.

तरीही डल्से टिकलं, याचं कारण त्या वाटीतला ट्रफल. शंभर ट्रफल एकसारखे बुडवायचे असतील तर घरी भाजलेलं चॉकलेट कामाला येत नाही, पिशवीतून काढलेलं लागतं. शेफ चवीसाठी येतो आणि प्रवाहीपणासाठी परत येतो. म्हणून मी डल्सेला चौथं चॉकलेट म्हणणार नाही. भाजलेल्या दुधाचं पहिलं व्यावसायिक दर्जाचं कूव्हर्चर म्हणेन, आणि माझ्या लेखी हा मान लहान नाही.

मळा कुठे गेला

एक गोष्ट मला या प्रकरणात खटकते आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. वालरोनाची प्रतिष्ठा मळ्यांवर उभी आहे. मादागास्करच्या बियांचं 'मांजारी' घ्या. नाव वाचलं की आपल्याला तुळशीची मंजिरी आठवते, आणि चव आंबटगोड, लाल फळांची. त्यांच्याकडे व्हेनेझुएलाचं वेगळं, घानाचं वेगळं, पेरूचं वेगळं. शेतकऱ्यानं बिया कशा आंबवल्या, कुठे वाळवल्या, कुठली जात लावली, हे त्या चवीत असतं. हे घर वर्षानुवर्षं सांगत आलं की चॉकलेटची चव झाडापासून सुरू होते.

डल्सेत झाडाची चव नाही. कोको बटर आहे, पण कोको बटर बहुतेक वेळा गंध काढूनच वापरतात. चव येते ती दुधातून आणि उष्णतेतून, म्हणजे गोठ्यातून आणि कारखान्यातून. वालरोनाची मालकी 1980 च्या दशकापासून चीज आणि दुग्धपदार्थांच्या एका फ्रेंच उद्योगसमूहाकडे आहे, आताचं नाव साव्हेन्सिया. चॉकलेटचं घर दुधवाल्यांच्या कुटुंबात, आणि त्याचं सर्वांत गाजलेलं नवं अपत्य दुधाच्या चवीचं. यातून मी कुठला निष्कर्ष काढत नाही, पण ही जोडी मनात राहते.

पुढे याच घरानं 'इन्स्पिरेशन' या मालिकेत कोको बटर, साखर आणि फळ एकत्र करून स्ट्रॉबेरीचं, पॅशनफ्रूटचं, रासबेरीचं कूव्हर्चर काढलं. कोको बटरला नुसतं वाहक मानायचं आणि त्यावर दुसरीच चव बसवायची, हा विचार डल्सेनं मोकळा केला असं मला वाटतं. आचारी म्हणून मला त्याचा आनंद आहे. मी स्वतः ते वापरलेलं आहे. पण कोको पिकवणारा माणूस या पदार्थांत आणखी एक पाऊल मागे सरकतो. मांजारीच्या पाकिटावर मादागास्कर लिहिलेलं असतं. सोनेरी चकतीच्या पाकिटावर कुठल्या देशाचं नाव लिहिणार? झाडाची ओळख सांगण्यात ज्या घरानं पुढाकार घेतला, त्यानं चरबी देणाऱ्या बियांचीही तितकीच ठळक ओळख द्यावी, अशी माझी अपेक्षा आहे.

वर्गातल्या डब्यांवर

हे प्रकरण वर्गात सांगायला लागल्यापासून आमच्याकडे एक बदल झाला. बिघडलेलं काही असलं की लगेच टाकायचं नाही. आधी चाखायचं, मग डब्यात भरून चिठ्ठी लावायची. बहुतेक डबे आठवड्यानं रिकामेच होतात, त्यात दडलेलं काही नसतं. पण चिठ्ठीवर वेळ आणि तापमान हवं, याबद्दल मी आग्रही आहे. बो यांच्या त्या भांड्याबद्दल जी काही माहिती शिल्लक आहे, त्यात दहा तास हा आकडा आहे. कुणीतरी मागे जाऊन मोजलं असावं की ते केव्हापासून तापत होतं. तो आकडा नसता तर एक छान चव एकदा लागली होती, एवढीच आठवण उरली असती.

ट्रफल फसलेल्या त्या मुलीनं पुढच्या वेळी भाजताना मोजून चमचाभर जास्तीचं कोको बटर घातलं, मिक्सरमधून दोनदा फिरवलं आणि बारीक गाळणीतून काढलं. पहिल्यापेक्षा खूप पातळ आलं. थर अजून हवा तसा नाही. फ्रिजवरच्या बरणीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी आहे: 120 अंश, 50 मिनिटं, दर दहा मिनिटांनी ढवळलं, तिसाव्या मिनिटाला कोरडं पडलं, टाकलं नाही.